डोक्यातला निरोप्या आणि किनुएची सुरी

किनुएसारखी बढाईखोर बाई आमच्या त्सुरुगा बंदरात दुसरी नाही. पंचाईत अशी, की तिची एकही बढाई आजवर खोटी निघालेली नाही. एखादी जरी निघाली असती, तरी गावाने गोडधोड केलं असतं.

"मी काढलेल्या पापुद्र्यातून आजचा पेपर वाचता आला नाही ना," ती म्हणायची, "तर पेपर बदला. पापुद्रा नाही."

धंदा तिचा कोंबू तासण्याचा. उत्तरेच्या बेटावरून समुद्रातल्या या शेवाळाच्या वाळक्या, चामड्यासारख्या पट्ट्या येतात, आमच्या वखारींत एकदोन हिवाळे मुरतात, मग व्हिनेगरमध्ये भिजून जरा नरमल्या की तासणाऱ्यांच्या ताब्यात जातात. पट्टीचं एक टोक पायाखाली, दुसरं डाव्या हातात ताणलेलं, उजव्या हातात रुंद पात्याची सुरी. वरचा काळा, आंबटसर थर कुणीही काढील. मीसुद्धा काढीन, वाईट असला तरी. आतला पांढरा गाभा आला की भल्याभल्यांना घाम फुटतो. तिथून जो पापुद्रा निघतो तो ओबोरो. गरम भातावर टाकला की विरघळतो, आणि जिभेला काय झालं ते कळायच्या आत माणूस दुसरी वाटी पुढे करतो.

सगळी गोम सुरीच्या धारेत. धार लावून झाली की तिला पोलादाने घासून केसाएवढा आकडा द्यायचा, कड किंचित वाकवायची, म्हणजे ती कापत नाही, खरवडत उचलते. हा आकडा ज्याचा त्याचा. किनुए तो देताना पाठ फिरवून बसते. नवरा खोलीत असला तरी पाठ. देव्हाऱ्यातले पूर्वज समोर असले तर त्यांनाही पाठ.

नवऱ्याचं नाव यासुजी. बंदराच्या रेल्वेवर जन्मभर सिग्नल सांभाळले, आता परसात मुळे सांभाळतो. त्याचं लग्न कसं जमलं ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. साखरपुड्याला वराकडून कोंबू पाठवायची आमच्यात रीत आहे. यासुजीच्या घरून गेला. किनुएने जुडी उचलली, नाकाशी नेली आणि मध्यस्थाच्या हाती परत दिली. "हा कोंबू मुरलेला नाही. मुलगा मुरलेला असेल तर त्याला पाठवा." दुसऱ्या दिवशी यासुजी स्वतः गेला, काखेत वखारीतली जुनी जुडी मारून. तेव्हापासून त्या घरात शेवटचा शब्द कुणाचा हे मी सांगायला नको.

मी कोण? मी हमामवाला. गाव मला युया-सान म्हणतं, म्हणजे हमामवालेच; माझं खरं नाव माझ्या बायकोलाही आठवून सांगावं लागतं. पुरुषांची बाजू आणि बायकांची बाजू यांच्यामध्ये एक भिंत आहे, छतापर्यंत न पोचणारी, आणि त्या भिंतीच्या टोकाला उंच बैठकीवर मी बसतो. तिथे बसणाऱ्याला डोळे नसतात, फक्त कान असतात, असा आमच्या धंद्याचा नियम आहे. डोळ्यांचं मी पाळलं. कानांनी मात्र माझ्या दोन जन्मांचं काम केलंय.

तर चेरी झडून गेल्यावरची एक सकाळ. यासुजी मुळ्यांना पाणी घालत होता, आणि घरातून सुरी पडल्याचा आवाज आला. त्या घरात सुरी पडल्याचा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता. पाण्याची झारी टाकून तो धावला. किनुए उजवीकडे कलंडली होती, पट्टी मधोमध फाटली होती, आणि तोंडातून शब्दांच्या जागी नुसती हवा येत होती.

हॉस्पिटलात डॉक्टर एगावा होत्या. क्योतोकडच्या, तरुण, लाल गाडीवाल्या. लग्न का केलं नाही यावर माझ्या हमामात निदान तीन मतं आहेत, पण ते पुन्हा कधीतरी. त्यांनी यासुजीला खुर्चीवर बसवून नीट समजावलं. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त अडलं. रक्त अडलं की पेशी गुदमरतात, त्यांच्याजवळचं ग्लुटामेट एकदम बाहेर सांडतं, आणि ते जास्त झालं की शेजारच्या धडधाकट पेशींनाही ते मारतं. म्हणून उजवा हात गेला, म्हणून बोलणं गेलं. पण सगळं काही मेलेलं नाही, आशा आहे.

आता, दुसऱ्या कुठल्याही गावात तो अवघड शब्द डोक्यावरून गेला असता. माणसाने "बरं बरं" म्हटलं असतं आणि "आशा आहे" एवढंच घेऊन घरी गेला असता. पण हे त्सुरुगा. आमच्याकडे पोरांना शाळेतून वखार दाखवायला नेतात आणि सगळ्यांकडून एका सुरात म्हणवून घेतात. कोंबूला चव कशाची? ग्लुटामेटची! हा शब्द आमच्या घरचा, आमच्या जावयासारखा. यासुजी हॉस्पिटलातून बाहेर पडला तो आशा तिथेच खुर्चीवर विसरून आणि तेवढा एक शब्द घेऊन.

वाटेत ओकियो नावाच्या बाईचं तोफूचं दुकान लागतं. तोफू घ्यायला थांबला नसता तर पुढचं काही घडलं नसतं. ओकियोच्या कानात घातलेली गोष्ट आणि बंदरावरच्या भोंग्यात घातलेली गोष्ट यांत फरक एवढाच, की भोंगा दुपारी बंद असतो.

"ऐकलं का?" संध्याकाळी हमामात भिंतीपलीकडून ओकियोचा आवाज आला. "किनुएच्या डोक्यात कोंबू भरला! जन्मभर ती धूळ नाकातून आत गेली, शेवटी मेंदूवर बसली. डॉक्टरीणबाईंनी स्वतः सांगितलंय."

पुरुषांच्या गरम पाण्याच्या टाकीत बसलेला गावचा न्हावी हळूच म्हणाला, "आपण तर तो रोज खातो."

"आणि आई परीक्षेच्या आधी भातावर कोंबूची पांढरी पूड घालायची," कुणीतरी म्हणालं. "डोकं तल्लख होतं म्हणून."

"माझ्या आईने तर मूठमूठ घातली," मी वरून म्हणालो. "निकाल तुमच्यासमोर बसलाय."

हसले सगळे, पण हसणं पाण्यावर तरंगलं, खाली गेलं नाही. ज्याच्यावर गाव उभं आहे तेच डोक्यात शिरून मारतं म्हटल्यावर कोण हसणार?

इकडे हॉस्पिटलात किनुए गप्प. गिळताना ठसका लागायचा म्हणून तिला सगळं दाट करून देत: चहा दाट, पाणी दाट, भात तर खळीसारखा. ती एक घास घ्यायची आणि तोंड भिंतीकडे करायची. एके दुपारी नर्सने दाट केलेलं सार भरवलं. कोंबू भिजवून काढतात ते, दाशी. किनुएने जिभेवर घोळवलं. भुवया वर गेल्या. तोंड वाकडं झालं, म्हणजे आजाराने होतं त्याहून जास्त. आणि ती बोलली.

"हिदाका!"

नर्स नागोयाकडची. तिने यासुजीला दाराशी बाजूला घेतलं. "काका, विचारू नये, पण… हिदाका-सान कोण? काकू घासागणिक त्यांचं नाव घेताहेत. फार रागाने घेताहेत."

यासुजी आधी हसला, मग तिथेच जिन्यात बसून रडला. हिदाका म्हणजे कुणी पुरुष नव्हे. हिदाका हा कोंबूचा एक प्रकार, शिजवून खायला उत्तम. पण त्याची दाशी करून त्सुरुगात पाहुण्यापुढे ठेवली, तर सोयरीक मोडते. बाईचं बोलणं गेलं होतं, हात गेला होता, स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. पण सार कुठल्या कोंबूचं आहे आणि ते करणाऱ्याची लायकी काय, हे दोन्ही तिने एका शब्दात सांगितलं.

ही बातमी हमामात आली तेव्हा मी बैठकीवरून जवळजवळ पडलो. "यासुजी-सान, सुटलात! बायको परत आली!"

यासुजी मात्र गळ्यापर्यंत पाण्यात बसून मान हलवत राहिला. "बघितलंत ना किती भिनलंय डोक्यात? दुसरं काही उरलंच नाही."

घाबरलेल्या माणसाला पुरावा दाखवू नये. तो त्यातून भीतीच काढतो.

किनुए घरी आली त्याच्या आदल्या दिवशी यासुजी माझ्याकडे एक गाठोडं घेऊन आला. सुऱ्या होत्या, सगळ्या, धारेच्या दगडासकट. "ठेवा तुमच्या बैठकीखाली. तिला सांगू नका." कोंबूच्या पट्ट्या त्याने वखारीत परत पाठवल्या होत्या, आणि तिचा कोपरा तर असा घासून काढला होता की व्हिनेगरचा वाससुद्धा उरला नव्हता.

आता खरी मेख इथे होती. डॉक्टर एगावांनी निघताना त्याला सांगितलं होतं, की हाताला त्याचं जुनं काम जितकं लवकर मिळेल तितकं बरं. हात रिकामा राहिला तर डोक्यातली त्याची वाट बुजत जाते आणि मग हात कायमचाच जातो. यासुजीने हेही ऐकलं होतं. पण एका बाजूला हात आणि दुसऱ्या बाजूला डोकं असं त्याने तराजूत घातलं आणि डोकं राखलं. पायात पाय अडकेल इतकं प्रेम होतं बिचाऱ्याचं.

किनुए पाय ओढत घरात चालायची. उजवा हात मांडीवर, झोपलेल्या मांजरासारखा. शब्द मोजकेच परत आले होते आणि तेही भलत्या जागी. "नाही" हा शब्द हो आणि नाही दोन्हींसाठी चालायचा. यासुजीला त्यात काही नवीन वाटलं नाही. सकाळी तो तिला पेपर वाचून दाखवायचा, कारण अक्षरं तिच्यासमोर मुंग्यांसारखी पळायची. आणि पेपर झाला की ती रोज त्या रिकाम्या कोपऱ्यात जाऊन बसायची. पाय पुढे करायची, टाच दाबायची. टाचेखाली काही नसायचं.

एकदा यासुजी बाजारातून आला तर परसातले दोन मुळे छिन्नविच्छिन्न होऊन पडले होते आणि किनुए डाव्या हाताने उजव्या हातात स्वयंपाकाची सुरी धरवत होती. त्याने तीही सुरी उचलून माझ्याकडे आणून दिली. मग त्या घरात रोज तोफू, कापायला नको म्हणून. ओकियोचा खप वाढला. अफवेचा असाही एक फायदा असतो.

पण ओकियोबद्दल एक खरं सांगतो, नाहीतर पाप लागेल. अफवा तिने पसरवली, पण किनुएला हाताला धरून दर संध्याकाळी हमामात तीच आणायची आणि तिची पाठ तीच घासायची. तोंड आणि हात यांची तिच्यात कधी भेटच झालेली नाही.

शरद सुरू झाला होता. त्या संध्याकाळी डॉक्टर एगावांच्या घरचा पाण्याचा बंब बिघडला होता म्हणून त्या टॉवेल घेऊन माझ्याकडे आल्या. मी ओळखलं, पण बोललो नाही. डोळे नसतात ना. त्या आत गेल्या आणि पाचच मिनिटांत भिंतीपलीकडून ओकियो सुरू झाली.

"किनुए-सान, तुझ्या पाठीला अजून कोंबूचा वास येतोय बघ. कातडीवरचा जाईल गं, डोक्यात गेलेला कसा निघायचा?"

"कोंबू डोक्यात कसा जाईल?" नवा आवाज.

"तू इथली नाहीस वाटतं पोरी? डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. ग्लुटामेट सांडलं म्हणे डोक्यात. म्हणजे कोंबूच की!"

"सांडलं म्हणून मीच सांगितलं होतं. ती डॉक्टरीण मी."

बायकांच्या बाजूला नळ ठिबकल्याचं मला इकडे ऐकू आलं. पुरुषांच्या बाजूला न्हाव्याने डोक्यावरचा टॉवेल काढला. यासुजी टाकीत होता; तो हनुवटीपर्यंत खाली गेला.

"मावशी," डॉक्टर म्हणाल्या, "चुकलं माझंच. या गावात हा शब्द जपून वापरायला हवा होता. ऐका. तुम्ही खाता ते ग्लुटामेट डोक्यात जातच नाही. बरंचसं आतडंच खाऊन टाकतं, सरपणासारखं. आणि उरलेलं आलंच, तर मेंदूच्या दाराशी पहारा आहे. तो सहसा आत सोडत नाही."

"मग सांडलं ते कुठून आलं?"

"ते मेंदूचं स्वतःचं. घरचं. मेंदू ते आत तयार करतो, कारण त्याचा तो निरोप्या आहे. एका पेशीला दुसऱ्या पेशीला काही सांगायचं असलं, की ती एक चिमूट सोडते. पलीकडची समजते, ऊठ, कामाला लाग. तुमच्या आमच्या सगळ्यांच्या डोक्यात आत्ता हेच चाललंय."

"ओकियोच्या डोक्यातसुद्धा?" मी वरून विचारलं.

"तिथे निरोपे थकून नोकरी सोडतात," न्हावी म्हणाला.

"पण जिभेला कळतंच की!" ओकियो हरणारी नव्हे. "हिने हिदाका ओळखला तो कसा, पहाऱ्याने आत सोडला नाही तर?"

डॉक्टर हसल्या. "ही भिंत बघा ना. तुमचं बोलणं भिंतीवरून पलीकडे जातं की नाही?"

"जातं की. न्हावी लेकाचा ऐकतोय सगळं."

"आणि माणूस जातो का?"

"युया-सान बसलेत वर. जाईल कसा!"

"झालं. जिभेवर त्या चवीचे द्वारपाल आहेत. पोटातही आहेत. कोंबू आला की ते फक्त हाक देतात आणि हाक मज्जातंतूवरून मेंदूत जाते. कोंबू बाहेरच राहतो. निरोप जातो, माणूस जात नाही." मग म्हणाल्या, "आणि हा निरोप्या काही फक्त माणसांचा नाही. पानाला अळीने कुरतडलं ना, तर जखमेच्या जागी हेच सांडतं आणि लांबच्या पानांना खबर जाते."

"म्हणजे मुळ्यालाही डोकं असतं?" कुणीतरी पाण्यातून ओरडलं.

"डोकं नसतं," डॉक्टर म्हणाल्या. "डोक्याशिवाय बातम्या पसरवता येतात. हे तर तुमच्या गावात मला पटलंच."

असा हशा पिकला की टाकीतलं पाणी काठावरून गेलं. ओकियोचं हसणं सगळ्यांत मोठं होतं, टोमणा कुणावर आहे हे तिला उशिरा कळलं.

हशा ओसरल्यावर यासुजीचा आवाज आला. हमामात तो सहसा बोलत नाही, म्हणून सगळ्यांनी कान टवकारले. "डॉक्टर-सेन्सेई. मी सिग्नलवर होतो. एक विचारू?"

"विचारा ना."

"तुमचा निरोप्या म्हणजे हिरवा दिवा. खरं? गाडी सोड, असं सांगणारा."

"अगदी बरोबर."

"त्या दिवशी तिच्या डोक्यात सगळे दिवे एकदम हिरवे झाले."

डॉक्टर म्हणाल्या, "यापुढे मी असंच सांगत जाईन. एरवी काम झालं की निरोप्याला लगेच बाजूला करणारी माणसं असतात, म्हणून पुढच्या निरोपाला जागा होते. रक्त अडलं, ती माणसं बसली, सगळे दिवे हिरवेच राहिले, गाड्या आदळल्या."

"मग दिवाच वाईट. तो परत पेटवायचाच कशाला?"

"काका, हिरवा दिवाच नसेल तर गाडी सुटेल कशी? हात परत शिकतो तोसुद्धा याच निरोप्याकडून. तोच निरोप त्याच वाटेने पुन्हापुन्हा गेला की वाट रुंद होते. तुम्ही वाटच बंद करून ठेवली तर…"

त्या पुढे बोलल्या असत्या, पण तेवढ्यात लाकडी बादली दाणकन फरशीवर आपटली. एकदा, दोनदा. आणि भिंतीवरून एक आवाज आला, घासलेला, वाकडा, पण असा की बंदरावर ऐकू जावा.

"सुरी!"

जिने इतके महिने नाहीलाच हो केलं होतं, तिने बरोबर शब्द बरोबर जागी टाकला होता. बादली पुन्हा आपटली.

"अहो! सुरी!"

यासुजी टाकीतून उठला. अंगावर धड टॉवेल नाही, डोळ्यांत पाणी आणि बाकी सगळीकडेही पाणी. माझ्या बैठकीसमोर येऊन त्याने दोन्ही हात पुढे केले. मी खालून गाठोडं काढून दिलं. "कपडे घाला आधी," मी म्हटलं. "सुऱ्या आहेत, काही कापून घ्याल."

इथे गोष्ट संपली असती तर फार बरं झालं असतं, पण हात म्हणजे काही बादली नव्हे. पहिले पापुद्रे निघाले ते बुटाच्या तळव्यासारखे. किनुएने फेकून दिले, यासुजीने उचलून शेजारीपाजारी वाटले. मी एक सकाळभर एकच तुकडा चघळत होतो. तिला राग यायचा, सुरी आपटायची, "नाही! नाही!" म्हणायची, आणि या वेळी त्याचा अर्थ नाही असाच असायचा. यासुजी समोर बसून राहायचा. तिचा हात थरथरायला लागला की "लाल" म्हणायचा. ती थांबायची. थरथर गेली की "हिरवा". ती ओढायची. लाल, हिरवा, लाल, हिरवा. दुपारी त्यांच्या गल्लीतून जाणाऱ्याला वाटावं, की बंदराची बंद पडलेली रेल्वे यांच्या माजघरात सुरू झाली.

सुरीला आकडा मात्र तो वखारीतल्या एका तासणाऱ्याकडून देऊन आणायचा. किनुए ती सुरी हातात घ्यायची, बोटाने धार बघायची आणि तोंड असं करायची, जसं हिदाकाचं सार चाखल्यावर केलं होतं.

मग एक दिवस, परसात शेवटचे मुळे उपटायला आले होते तेव्हा, यासुजी हमामात वेळेआधीच आला. चेहरा लाल. मला वाटलं काही वाईट झालं.

"पाठ फिरवली," तो म्हणाला.

"कुणी? भांडलात?"

"नाही हो! पोलाद मागितलं, सुरी घेतली, आणि माझ्याकडे पाठ फिरवून बसली!"

मी त्याच्याकडून त्या दिवशी आंघोळीचे पैसे घेतले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच. त्यालाही ते भिडलं असावं, कारण त्याने वाकून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे बोलावणं. ओकियो होती, डॉक्टर एगावा होत्या, लाल गाडी दारात होती. किनुए कोपऱ्यात बसलेली. टाच पट्टीवर, डाव्या हाताने ताण दिलेला, उजव्या हातात सुरी. हात अजून पूर्वीचा नव्हता. खांदा उचलून तो ओढायचा आणि कोपर अडखळायचं. पण वरचा काळा थर गेला, मधला गेला, आणि पांढरं आलं. यासुजीने "हिरवा" म्हणायला तोंड उघडलं. किनुएने त्याच्याकडे बघितलं. त्याने मिटलं.

सुरी चालली. कोंबूवरून पात्याचा तो आवाज, रेशीम फाडल्यासारखा, मी चेरीच्या दिवसांपासून ऐकला नव्हता. पापुद्रा उठला, हवेत जरा थरथरला आणि तिच्या गुडघ्यावर पडला. रुमालाएवढा. धुक्यासारखा.

तिने बोटाने खूण केली. यासुजीने आजचा पेपर तिच्यासमोर जमिनीवर पसरला. तिने पापुद्रा त्यावर ठेवला आणि माझ्याकडे बघून हनुवटी उडवली. वाच, म्हणजे.

आता गंमत अशी की चष्मा हमामात राहिला होता. पण एवढ्या माणसांत मी काय मागे हटणार? पुढे वाकलो, डोळे बारीक केले आणि ठणकावून वाचलं, "उद्या हवामान स्वच्छ, समुद्र शांत!"

किनुए माझ्या समोर होती, म्हणजे पेपर तिच्याकडून सुलटा आणि माझ्याकडून उलटा. तिने मान वर केली. डोळ्यांत तीच जुनी चमक, जी दिसली की आम्ही हमामवाले, तोफूवाले, न्हावी सगळे विषय बदलतो.

"खोटं," ती म्हणाली.

मग तिने तर्जनी पापुद्र्यावर टेकवली आणि खालच्या अक्षरांवरून सरकवू लागली. ज्या अक्षरांच्या मुंग्या व्हायच्या, त्या मुंग्या तिच्या बोटाखाली एकेक करून थांबल्या. यासुजीने श्वास धरला होता. डॉक्टर एगावांनीही.

"उद्या…" किनुए म्हणाली. बोट थांबलं. पुढे गेलं. "…बर्फ."

ओकियो धावत वाकली. "अगंबाई! बर्फच आहे! स्पष्ट दिसतंय, इथूनसुद्धा!"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि पुसतच राहिल्या. यासुजीने माझ्याकडे बघून मान ताठ केली, जशी तो गाडी सुखरूप गेल्यावर फलाटावर उभा राहून करायचा. मी तुम्हाला सांगतो, मी या गावात जन्मलो, इथेच म्हातारा झालो, आणि हे गाव जगात कशासाठी आहे ते मला त्या दिवशी त्या पापुद्र्यातून दिसलं. चष्म्याशिवाय.

ओकियोने तो पापुद्रा दोन बोटांत धरून उचलला, जसा देवाचा प्रसाद. "मी घेऊ का गं घरी? नवऱ्याला दाखवते. सगळ्यांना दाखवते."

किनुएने तिच्याकडे लक्षच दिलं नाही. तिने सुरी उचलली, पाठ फिरवली, पोलाद दोनदा हलकेच घासल्याचा आवाज आला. मग पुन्हा तोंड इकडे करून टाच पुढे केली आणि नवऱ्यापुढे डावा हात पसरला.

"पुढची," ती म्हणाली.